कळसूबाई दुसऱ्यांदा: पहिला ट्रेक मनासारखा झाला नसेल तर नागपूरहून परत कसं जायचं

नागपूरहून कळसूबाईला जाऊन आलेले बरेच जण भेटतात आणि त्यातले कितीतरी एकच गोष्ट सांगतात, की गेलो, टॉपवर पोचलो, फोटो काढला पण मजा नाही आली यार. कोणाला वर ढगाशिवाय काही दिसलंच नाही, कोणी वाटेवरच्या लोखंडी शिडीखाली लाइनमध्ये उभं राहून राहून कंटाळलं, कोणाचे गुडघे उतरताना गेले, कोणी ग्रुपच्या मागे धावता धावता डोंगर पाहिलाच नाही. मग आपण म्हणतो झाला ना कळसूबाई, आता दुसरं काही करू. माझं मत वेगळं आहे. ज्या डोंगरानं मन भरलं नाही त्याच डोंगरावर परत जायला पाहिजे, कारण वाट आता ओळखीची असते, दम कुठे लागतो ते माहीत असतं, आणि पहिल्या वेळी "अजून किती राहिलं" याच विचारात जे लक्ष जातं ते सगळं आता पाहायला मोकळं असतं. फक्त तोच प्लॅन, तीच तारीख, तीच गाडी, तोच ग्रुप घेऊन गेलात तर तेच होणार. म्हणून काय बदलायचं आणि कसं बदलायचं ते नीट सांगतो.

कळसूबाई म्हणजे 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातला अकोले तालुका, पायथ्याचं गाव बारी. इतकं तुम्हाला माहीत आहेच, सरळ कामाला लागू.

आधी फोनमधले जुने फोटो उघडा

"मजा नाही आली" हे खूप मोघम आहे, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. फोनच्या गॅलरीत त्या ट्रेकचे फोटो काढा आणि प्रत्येक फोटोची वेळ पाहा. बारीतून निघतानाचा फोटो किती वाजताचा, पहिल्या शिडीजवळचा किती वाजताचा, मंदिराजवळचा पहिला आणि शेवटचा फोटो किती वाजताचा, खाली चहा पितानाचा किती वाजताचा. हे एका कागदावर लिहा. बहुतेकांना इथेच धक्का बसतो. समजा सकाळी 9 ला बारी सोडलं, 1 ला टॉप, आणि 1:20 ला उतरायला सुरुवात, तर एवढा रातोरात प्रवास करून तुम्ही वर फक्त वीस मिनिटं होता आणि तीही ऐन दुपारी, जेव्हा उजेड सपाट असतो आणि दूरचे डोंगर धुरकट दिसतात. तुम्ही इतके दिवस हवामानाला दोष देत असाल आणि गडबड वेळेची असू शकते.

मग त्याच कागदावर पाच गोष्टी लिहा: हवामान, गर्दी, शरीर, सोबत, वेळ. प्रत्येकापुढे एक ओळ. आणि त्यातल्या फक्त दोन निवडा ज्यांनी सगळ्यात जास्त पाणी फिरवलं. या वेळी त्या दोनच बदलायच्या. सगळंच बदलायला गेलं की प्लॅन इतका मोठा होतो की तो कधी होतच नाही, आणि लोक दुसऱ्यांदा जाताना अजून एक चूक करतात, या वेळी काहीतरी जास्त केलंच पाहिजे म्हणून सोबत हरिश्चंद्रगडही जोडून टाकतात. एकच डोंगर ठेवा, मी हे अगदी मनापासून सांगतो.

ढगात गेला असाल तर सीझन बदला

इगतपुरी-भंडारदरा पट्ट्यात नागपूरच्या जवळपास तिप्पट पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये वर गेलं की दहा फुटांपलीकडे काही दिसून नाही राहत, ते तिथलं नेहमीचंच आहे, तुमचं नशीब खराब नव्हतं. ज्यांना पाऊस, धबधबे, हिरवळ पाहिजे त्यांनी पावसाळ्यात जावं, पण ज्यांची तक्रार "काहीच दिसलं नाही" अशी आहे त्यांनी पाऊस वापस जाईपर्यंत थांबावं. मॉन्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रातून निघतो आणि त्यानंतरचे चार-पाच आठवडे माझ्या मते सगळ्यात चांगले: हवा धुतलेली, गवत अजून हिरवं-पिवळं, वाटेवर सोनकीची पिवळी फुलं कुठे कुठे उरलेली, आणि भंडारदऱ्याचं पाणी भरलेलं. डिसेंबर-जानेवारीही छान पण सकाळी खाली धुकं बसलेलं असतं आणि वर वारा बोचतो. मार्चनंतर सगळं धुरकट होत जातं, मे महिन्यात नागपूरच्या उन्हातून सुटका म्हणून जाणारे असतात पण तिथेही उघड्या उतारावर ऊन चांगलंच भाजतं.

ऑक्टोबरची एक गोष्ट लक्षात ठेवा, दुपारनंतर विजा होऊ शकतात. उघडं शिखर आणि लोखंडी शिड्या, याच्यापेक्षा वाईट जागा विजेच्या वेळी दुसरी नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये टाकून ठेवा, आणि गडगडाट ऐकू आला तर टॉप कितीही जवळ असो, उतरायला लागा.

गर्दीनं मूड गेला असेल तर वार बदला

हे सगळ्यात सोपं आहे आणि लोक हेच करत नाहीत, कारण सुट्टी मिळत नाही. पण विचार करा, नागपूरहून जाऊन-येऊन तसेही तीन-चार दिवस जातात, मग शनिवार-रविवार प्रवासात घाला आणि डोंगर मंगळवारी किंवा बुधवारी चढा. मुंबई-पुणे-नाशिकचे लोक एका रात्रीत येऊन जातात म्हणून त्यांची सगळी गर्दी शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी शिड्यांवर जमते, आपल्याला तो नियम लागू नाही. लाँग वीकेंड, 15 ऑगस्ट, 31 डिसेंबर टाळा. नवरात्रात देवीची यात्रा असते, ती गर्दी वेगळी, श्रद्धेची आहे, तेव्हा जायचं तर दर्शनाच्या भावनेनं जा, शांतता मिळेल म्हणून जाऊ नका.

मधल्या वारी एक तोटा आहे, वाटेवरच्या लिंबू सरबत आणि मॅगीच्या टपऱ्या बंद असू शकतात. खाणं-पाणी आपलं न्यायचं.

नागपूर ते बारी, आणि मधली एक रात्र

आपल्या बाजूच्या लोकांचा पहिला ट्रेक फसायचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे. संध्याकाळी गाडीत बसायचं, रात्रभर अर्धवट झोप, पहाटे नाशिक रोडला उतरायचं, तिथून जीप करून बारी, आणि तसंच चढायला सुरुवात. झोप नाही, पोट साफ नाही, पाणी कमी प्यायलेलं, आणि मग म्हणायचं दम लागला.

मधे एक रात्र ठेवा. विदर्भ एक्सप्रेससारखी रात्रीची गाडी घ्या, नाशिक रोडला पहाटे अंधारातच उतरायला होतं (वेळ बुकिंगच्या वेळी तपासा), तिथे थांबून उजाडल्यावर बसनं किंवा गाडीनं घोटी आणि घोटीहून भंडारदरा रोडनं बारी. दुपारपर्यंत तुम्ही गावात. जेवा, झोपा, संध्याकाळी गावात फिरा, खालून डोंगर नीट पाहा. बारीत घरगुती राहायची-जेवायची सोय होते, तंबूही मिळतात. ज्या काकांकडे, मावशींकडे राहाल त्यांना विचारा की काल वर ढग किती वाजता आले, वारा कसा आहे, विहिरीला पाणी आहे का. ही माहिती कुठल्याच ॲपवर नाही मिळत.

कार असेल तर समृद्धी महामार्गानं खूप सोपं झालं आहे. नागपूर-शिर्डीचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, मग 2023 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपर्यंत, म्हणजे नागपूरहून सुमारे 600 किलोमीटर सलग, आणि भरवीरहून घोटी जवळच. मोटरसायकलला समृद्धीवर परवानगी नाही हे लक्षात ठेवा. आणि कृपा करून दिवसा चालवा. सरळ, एकसुरी रस्त्यावर रात्री डोळा लागतो, अपघात होतात, टायर जुने असतील तर आधी बदला, हवा तपासा, दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. ज्या दिवशी गाडी चालवली त्याच्या दुसऱ्या दिवशी चढायचं, त्याच दिवशी नाही.

शरीर: आपल्या सपाट नागपुरात चढाची तयारी

पहिले एक गैरसमज काढून टाकू. "वर ऑक्सिजन कमी आहे म्हणून दम लागला" असं लोक म्हणतात. 1646 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 82-83 टक्के असतो, आणि उंचीचा त्रास म्हणतात तो सहसा 2500 मीटरच्या वर सुरू होतो. कळसूबाईवर दम लागतो तो तयारीचा आणि स्पीडचा. ही चांगली बातमी आहे, कारण तयारी आपल्या हातात आहे.

बारीपासून शिखरापर्यंत साधारण 800 मीटरच्या वर चढ आहे आणि एका बाजूचं अंतर सहा-साडेसहा किलोमीटर. एक मजला तीन मीटरचा धरला तर हे झाले जवळपास 270 मजले. अंबाझरीला रोज पाच किलोमीटर चालणारे लोक इथेच फसतात, कारण चालायचा स्टॅमिना असतो पण चढायचा नसतो. तर चालणं चालू ठेवा, आणि आठ आठवडे जिने घ्या. आपल्या किंवा मित्राच्या अपार्टमेंटमध्ये आठवड्यातून तीनदा, पहिले दोन आठवडे 20-20 मजले, मग दर आठवड्याला दहा-दहा वाढवत 70-80 पर्यंत, शेवटच्या काही वेळी पाठीवर पाच-सहा किलोची बॅग घेऊन. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्मं करा. 270 पूर्ण करायची गरज नाही.

आणि उतरताना लिफ्ट घेऊ नका! हे सगळ्यात महत्त्वाचं. चढताना दम लागतो पण दुखणं येतं उतरताना, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि त्यात जास्त इजा होते, म्हणून दोन दिवस बसता-उठता येत नाही. पण स्नायूंना आधी थोडं उतरायची सवय झालेली असेल तर पुढच्या वेळी तेवढं दुखत नाही, हे शरीरशास्त्रात चांगलं माहीत असलेलं आहे. म्हणून जिने उतरा, सावकाश उतरा. पायरीच्या कडेला उभं राहून एक पाय तीन आकडे मोजत खाली न्यायचा, टाच टेकवायची, वर यायचं, असं दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. गुडघा सुजत असेल किंवा दुखणं जातच नसेल तर मात्र फिजिओथेरपिस्टला दाखवा, व्यायाम वाढवू नका.

मधून एखाद्या रविवारी सेमिनरी हिल्सचे चढ-उतार करा, आणि निघायच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा रामटेकला जाऊन अंबाळ्याकडून गडमंदिराच्या पायऱ्या चढा-उतरा, त्याच जोड्यांमध्ये, त्याच बॅगेसकट. जोडा कुठे लागतो, अंगठा पुढे आदळतो का, बॅगेचा पट्टा खांद्याला कापतो का, हे रामटेकला कळलेलं बरं. उतरताना अंगठा आदळत असेल तर जोडा छोटा आहे किंवा लेस ढिली आहे, नखं काळी पडतात ती यानंच.

बॅग

यात फार काही नाही. माणशी तीन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. शिखराच्या खाली विहीर आहे पण तिच्या भरोशावर जाऊ नका. हेडलॅम्प प्रत्येकाकडे वेगळा, वारा अडवणारं जॅकेट (उंचीनं दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान कमी होतं, म्हणजे बारीपेक्षा वर पाचेक अंश थंड, वर वाऱ्याचं वेगळं), एक कोरडा टीशर्ट, साधं फर्स्ट एड, ऑफलाइन मॅप. खायला फल्लीदाणे-गूळ, पोळीचे रोल, आणि नोव्हेंबरमध्ये जात असाल तर आंबिया बहाराचे संत्रे, चढताना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सालं मात्र बॅगेतच वापस आणायची, संत्र्याचं साल तिथे टाकलं तर महिनोन् महिने पडून राहतं.

सोबत

पहिल्या वेळी मोठ्या ग्रुपमधून गेला असाल आणि धावपळ झाली असेल तर या वेळी दोघं किंवा चौघं. निघण्याआधी, नागपुरातच, तीन गोष्टी तोंडी ठरवून घ्या: सगळ्यात हळू चालणारा पुढे राहील, वर किमान दीड तास थांबायचं, आणि किती वाजता काहीही झालं तरी वळायचं. ऑफिसचा मित्र असो की घरातली ताई-दादा, हे आधी बोललं नाही की वर गेल्यावर एकाला घाई असते, दुसरा तोंड पाडून बसतो.

चढायचा दिवस

वेळ काढायला एक जुना हिशोब आहे, 1892 मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथनं सांगितलेला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला अजून एक तास. कळसूबाईला लावला तर साडेसहा किलोमीटरचे 1 तास 18 मिनिटं, 820 मीटरचे 1 तास 22 मिनिटं, एकूण 2 तास 40 मिनिटं. हे न थांबता. शिड्या, पाणी, फोटो धरून साडेतीन तास माना. आता तुमच्या जुन्या फोटोंची वेळ याच्याशी ताडून पाहा, तुम्ही हळू होता की थांबे जास्त होते ते लगेच कळेल.

सूर्योदय वर पाहायचा असेल तर नागपूरची वेळ डोक्यातून काढा. कळसूबाई आपल्यापेक्षा पाच-साडेपाच रेखांश पश्चिमेला आहे म्हणून तिथे सूर्य सुमारे 20-22 मिनिटं उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो. पण ज्यांचे पहिल्या वेळी गुडघे किंवा धीर गेला होता त्यांनी अंधारात शिड्या चढायच्या भानगडीत पडू नये. सकाळी 6 च्या आसपास उजाडता उजाडता निघा, साडेनऊपर्यंत वर, अकरा-साडेअकराला उतरायला सुरुवात, दोन-अडीचपर्यंत खाली. यात वर दीड-दोन तास मिळतात.

हा डोंगर लाव्हाच्या थरांचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बसाल्ट. घट्ट थर तुटून कडा होतो आणि मऊ थर झिजून पठार, म्हणून इथे चढताना एक उभा टप्पा, मग थोडं सपाट, परत उभा, असं येत राहतं. याचा फायदा घ्या. उभ्या टप्प्यात बसू नका, अगदी हळू पण चालत राहा, आणि सपाट आलं की दोन मिनिटं थांबा, पाणी प्या. स्पीड बरोबर आहे का हे ओळखायचं तर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, शब्दाशब्दाला तुटत असेल तर जास्त होतंय. आणि हेही पाहा की सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड याच लाव्हाच्या पसाऱ्याच्या पूर्वेच्या कडेचा आहे, मला तर तिथे हात लावला की फार आपलंसं वाटतं.

शिडीवर एका वेळी एकच जण, दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात नेहमी टेकलेले, काठी बॅगेला बांधलेली, फोन खिशात. उतरताना तोंड शिडीकडे करून उतरा. ओली असेल तर घाई अजिबात नाही.

वर पोचल्यावर

इथेच पहिल्या वेळी हुकलेलं भरून काढायचं आहे, म्हणून काय पाहायचं ते आधी घरी मॅपवर बसून पाहून ठेवा. आधी देवीचं दर्शन घ्या. कळसू नावाची मुलगी इंदोरे गावात पाटलाच्या घरी कामाला होती, भांडी घासायला आणि केर काढायला लावणार नाही या बोलीवर, आणि ती बोली मोडली तेव्हा ती डोंगरावर निघून आली, अशी कथा तिथे सांगतात. ही कथा माहीत असली की ते छोटंसं देऊळ वेगळं दिसतं.

मग कडेला न जाता, सुरक्षित जागी बसून एकेक दिशा घ्या. पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले एका रांगेत. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, प्रवरेवरचं हे विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, आणि त्या पाण्याच्या टोकाला रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. त्याच्या मागे, जरा पूर्वेकडे सरकून, हरिश्चंद्रगड. वायव्येला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी. हवा खरंच स्वच्छ असेल तर उत्तरेला लांब सप्तशृंगी आणि धोडप. एक डोंगर ओळखला की कागदावर लिहा, मग दुसरा. पहिली वीस मिनिटं फोन बाहेरच काढू नका, उजेड सरकतो तशा डोंगरांच्या घड्या दिसायला लागतात, आणि जे आधी सगळं सारखंच निळं दिसत होतं त्यातून किल्ले वेगळे होतात.

या वेळीही ढग आले तर? तासभर थांबा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ढग बरेचदा फाटतात. नाही फाटले तर ठरलेल्या वेळेला उतरा. एक राखीव दिवस ठेवला असेल तर दुसऱ्या सकाळी परत चढता येतं, आणि पाय साथ देत नसतील तर तो दिवस रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराला द्या.

दुसऱ्या वाटेबद्दल

इंदोरे गावाकडूनही वर जायची वाट आहे. ती बारीच्या वाटेपेक्षा अवघड आहे, वर्दळ कमी, आणि गावातला माहीतगार माणूस घेतल्याशिवाय जाऊ नये. पहिल्यांदा शरीरानं त्रास दिला असेल तर या वेळी नकोच, गर्दीचीच तक्रार असेल आणि पाय तयार असतील तर विचार करा.

तुमचा अर्धा राहिलेला डोंगर कळसूबाई नसून मध्य प्रदेशातल्या पचमढीकडचा असेल तरी पद्धत हीच. धूपगडला जिप्सीनं जाऊन गर्दीत सूर्यास्त पाहिला आणि मन भरलं नाही तर सकाळची वेळ घ्या. चौरागडला महाशिवरात्रीच्या, त्रिशूळ वाहायला येणाऱ्या भाविकांच्या गर्दीत गेलात तर एकदा साध्या दिवशी जा. नागद्वारचं मात्र वेगळं आहे, ती वाट नागपंचमीच्या आसपास थोडेच दिवस खुली असते, तिथे वार बदलता येत नाही, तिथे फक्त तयारी आणि सोबत बदला.

परत

उतरल्यावर त्याच संध्याकाळी गाडी पकडू नका. बारीत किंवा भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात अजून एक रात्र थांबा, गरम पाण्यानं पाय शेका, आणि झोपायच्या आधी त्या जुन्या कागदाच्या मागच्या बाजूला या वेळच्या वेळा लिहा. परतीचं रिझर्व्हेशन दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं नाशिक रोडहून काढा, आणि शक्यतो लोअर बर्थ मागा, त्या दिवशी वरच्या बर्थची शिडी मांड्यांना झेपत नाही.